खालचे दिवे

अंधारात बंदरात शिरणाऱ्या जहाजाला एक दिवा पुरत नाही. एकट्या दीपस्तंभावरून किनारा कळतो, आत शिरायची वाट कळत नाही. म्हणून दिवे जोडीनं लावतात. एक मागे उंचावर, दुसरा त्याच्या पुढ्यात, पाण्यालगत. दोन्ही एकावर एक सरळ दिसले की समजायचं, आपण खोल पाण्याच्या वाटेवर आहोत. खालचा जरा बाजूला सरकलेला दिसला की सुकाणू फिरवायचं.

फिलिप ब्लिस यांच्या १८७१ सालच्या 'लेट द लोअर लाइट्स बी बर्निंग' या भक्तिगीताचं मर्म या जोडीत आहे. ते ठाऊक नसेल तर हे नुसतं दीपस्तंभाचं गोड गाणं वाटतं.

गोष्ट मूळची प्रवचनातली. शिकागोचे ख्रिस्ती धर्मप्रचारक ड्वाइट मूडी ती सांगत. ईरी सरोवरावर वादळी रात्र, क्लीव्हलँड बंदराकडे येणारी आगबोट. कप्तानाला एकच दिवा दिसतो. तो वाटाड्याला विचारतो: क्लीव्हलँडच ना हे? हो. मग खालचे दिवे? विझलेत. तरी आत शिरण्यावाचून इलाज नव्हता. वाट चुकली, बोट फुटली, कित्येक जीव बुडाले. मोठ्या दीपस्तंभाची काळजी प्रभू घेईल, खालचे दिवे आपण तेवत ठेवू, असं मूडी म्हणत. (सरोवर म्हणून ईरीला कमी लेखू नये. उत्तर अमेरिकेच्या पाच महासरोवरांत ते सर्वांत उथळ, त्यामुळे वाऱ्यासरशी तिथे लाटा उसळतात.)

ब्लिस यांनी ही गोष्ट ऐकली आणि शब्द, चाल दोन्ही स्वतःच रचली. पित्याची दया दीपस्तंभातून अखंड झळकते, पण किनाऱ्यावरचे दिवे त्यानं आपल्या हवाली केलेत, असं पहिलं कडवं सांगतं. मला भिडतं ते शेवटचं: भावा, तुझ्या मिणमिणत्या दिव्याची वात सार. नवा आण, मोठा लाव, असं काही नाही. आहे त्याचीच काजळी झाडायची, कारण वादळात सापडलेला कुणी खलाशी आत्ता या घटकेला बंदर गाठायला धडपडत असेल.

हे लिहिणारा माणूस दर्यावर्दी नव्हता. १८३८ साली पेनसिल्व्हेनियात, ओंडक्यांच्या झोपडीत त्यांचा जन्म झाला. दहाएक वर्षांचा फिलिप भाजी विकायला गावात गेला असताना एका घरातून पियानो ऐकू आला. असं वाद्य त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. तो अनवाणी थेट आत शिरला आणि वाजवणं थांबताच म्हणाला, "बाई, अजून वाजवा ना!" बाईंनी त्या उघड्या पायांकडे बघून त्याला हाकलून दिलं. अकराव्या वर्षी घर सुटलं, शेतांवर आणि लाकूडतोड्यांच्या तळांवर मजुरी सुरू झाली. पुढे फॅनी नावाची घोडी आणि पेटीच्या कुळातलं लहानसं मेलोडियन घेऊन हाच मुलगा गावोगाव गाणं शिकवत हिंडला. १८७४ पासून त्यांनी पूर्ण वेळ धर्मप्रचाराच्या कार्याला वाहून घेतलं, आणि तेव्हापासून गीतसंग्रहांचं मानधनही त्या कामालाच दिलं.

समुद्राचं आणखी एक गाणं त्यांच्या हातून झालं. १८७३ साली 'व्हिल द्यु हाव्र' ही आगबोट अटलांटिकमध्ये बुडाली. तीत होरेशिओ स्पॅफर्ड यांच्या चार मुली गेल्या. 'इट इज वेल विथ माय सोल' ही त्या बापाची कविता. ब्लिस यांनी तिला चाल दिली, आणि चालीला नाव दिलं त्या बोटीचंच.

ती चाल १८७६ साली छापली गेली. त्याच वर्षी, २९ डिसेंबरच्या रात्री, ब्लिस आणि त्यांची पत्नी ल्यूसी बर्फाच्या वादळातून आगगाडीनं शिकागोला निघाले होते. ओहायोतल्या अ‍ॅशटाब्युला इथे लोखंडी पूल कोसळला. पुढचं इंजिन तेवढं पलीकडे पोचलं, डबे सुमारे सत्तर फूट खाली नदीपात्रात पडले आणि डब्यांतल्या शेगड्यांमुळे त्यांनी पेट घेतला. सुमारे ९२ माणसं मेली. पतिपत्नींचे देह ओळखता आले नाहीत. ब्लिस अडतीस वर्षांचे होते, मागे दोन लहान मुलगे राहिले. ती नदी पुढे ईरी सरोवरालाच मिळते.

ब्लिस यांची ट्रंक मात्र जळाली नाही. तिच्यात चाल न लावलेलं एक गीत निघालं, 'आय विल सिंग ऑफ माय रिडीमर'. त्याला चाल लावली जेम्स मॅकग्रॅनहॅन यांनी.