फॉक्सप्रोमधली 'बरोबर'ची अट: जुन्या दुखण्याचे मूळ

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पतसंस्थांचे फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस भाषेतले हिशेब सांभाळणाऱ्यांना ही तक्रार नवी नाही: खाते १२ मागितले आणि उघडले १२०. स्क्रीनवर एरर नाही, त्यामुळे माणूस आधी डेटा तपासतो, मग रीइंडेक्स करतो, म्हणजे नोंदींची अनुक्रमणिका पुन्हा बांधतो. गडबड मात्र दोन क्रमांक = चिन्हाने ताडून पाहणाऱ्या अटीत असते.

तिचे मूळ फॉक्सप्रोच्याही आधीचे आहे. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या वेन रॅटलिफ यांनी सत्तरच्या दशकाअखेरीस 'व्हल्कन' हे नोंदी ठेवण्या-शोधण्याचे सॉफ्टवेअर लिहिले. अ‍ॅश्टन-टेट कंपनीने ते 'डीबेस टू' म्हणून विकले. फॉक्स सॉफ्टवेअरने त्यातलीच भाषा फॉक्सप्रोत पुढे नेली आणि १९९२ मध्ये ती कंपनी मायक्रोसॉफ्टकडे गेली. या सगळ्या घराण्यात अक्षरी मजकुराची तुलना उजवीकडचा मजकूर संपला की थांबते. म्हणून '१२०' = '१२' खरे, उलट केले तर खोटे. उजवी बाजू रिकामी असेल तर काहीही खरे! आडनावाची पहिली अक्षरे टाकून सभासद शोधायला ही सोय उत्तम होती, आणि तिला चूक म्हणणे मला पटत नाही.

मग वर्षानुवर्षे चाललेला प्रोग्राम अचानक का बिघडतो? खाते क्रमांकाचे फील्ड सहा अक्षरांचे असेल तर '१२'च्या मागे चार स्पेस असतात, आणि स्क्रीनवरून आलेल्या क्रमांकातही तेवढ्याच. तोवर सगळे ठीक. कुणीतरी नीटनेटकेपणासाठी तिथे 'ऑलट्रिम' हे मागच्यापुढच्या स्पेस काढणारे फंक्शन घालतो आणि ते संरक्षण जाते. क्रमांक न टाकताच एंटर दाबला तर थेट पहिलेच खाते समोर येते.

उपाय दोन: तुलना पूर्ण मजकुराची करायला लावणारी 'सेट एक्झॅक्ट ऑन' ही सेटिंग, किंवा अटीत = ऐवजी ==. दुसरा वापरताना मागच्या स्पेसही मोजल्या जातात, म्हणून दोन्ही बाजू ट्रिम कराव्यात. पहिल्यात खोच आहे. १९९५ च्या व्हिज्युअल फॉक्सप्रोपासून फॉर्मला, म्हणजे स्क्रीनवरच्या खिडकीला, स्वतःचे डेटा सेशन (टेबले आणि सेटिंग यांचा वेगळा संच) देता येते आणि त्यात ही सेटिंग पुन्हा ऑफ होते. मुख्य प्रोग्रामात लिहून भागत नाही, फॉर्म उघडताना चालणाऱ्या त्याच्या 'लोड' भागातही लिहावे लागते. एसक्यूएल सिलेक्ट या नोंदी निवडून आणणाऱ्या आदेशाला तर ती लागूच नाही. तिथे 'सेट अ‍ॅन्सी' ही वेगळी सेटिंग बघावी.

१ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदावर बेळगावचे बेळगावी झाले आणि नोंदींत दोन्ही इंग्रजी स्पेलिंगे आली. दोन्ही सापडावीत म्हणून अटीत नुसते 'बी-ई-एल' ठेवले, तर शहराच्या यादीत बेळगुंदीचे सभासदही येतात. तिथे दोन्ही नावे पूर्ण लिहून मध्ये 'ऑर' (किंवा) घालावे.