लहान मुलांसह गोव्याला जाताय? दाबोळीला उतरायचं की मोपाला?

आमच्या ट्रॅव्हल ऑफिसात गोव्याचं बुकिंग करायला येणारे आई-बाबा बहुतेक वेळा मोबाइलवरचा तिकिटाचा दर दाखवतच खुर्चीत बसतात. “हे दीड हजारांनी स्वस्त आहे, हेच करू ना?” आमचा पहिला प्रश्न मात्र वेगळा असतो. मूल दुपारी किती वाजता झोपतं, आणि तुम्ही गोव्यात नक्की कुठे राहणार आहात?

पुण्याहून गोव्याचं विमान हवेत जेमतेम तासभर असतं. मुलं तेवढ्यात कंटाळत नाहीत. सामान घेऊन तुम्ही टॅक्सीत बसता आणि हॉटेलच्या दारात उतरता, त्या मधल्या वेळात मुलं खरी थकतात. उन्हं तापलेली असतात, पोटात भूक असते, रस्ता अनोळखी असतो. हा मधला वेळ पाऊण तासाचा असेल की अडीच तासांचा, हे कोणत्या विमानतळावर उतरता त्यावर ठरतं.

दोन विमानतळ, दोन टोकं

2023 पर्यंत हा प्रश्नच नव्हता. गोवा म्हणजे दाबोळी. वास्कोजवळचा हा विमानतळ पोर्तुगीजांच्या काळातला. गोवा मुक्तीनंतर तो नौदलाकडे आला आणि आजही तो ‘आयएनएस हंसा’ हा नौदलाचा तळ आहे. प्रवासी विमानं तिथे नौदलाच्या वेळा सांभाळून ये-जा करतात. कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखलेले असतात, म्हणून दाबोळीच्या पुष्कळ विमानांच्या वेळा दुपारनंतरच्या किंवा रात्रीच्या असतात.

5 जानेवारी 2023 पासून पेडणे तालुक्यात मोपा इथला मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. नाव मनोहर पर्रीकरांचं. हा गोव्याच्या अगदी उत्तरेला, महाराष्ट्राच्या हद्दीला खेटून आहे. दाबोळी आणि मोपा यांच्यात साठ-पासष्ट किलोमीटरचं अंतर आहे, आणि तेवढं कापायला गाडीला दीड ते दोन तास लागतात.

तिकीट काढताना बऱ्याच ठिकाणी दोन्हींसमोर नुसतं ‘गोवा’ लिहिलेलं दिसतं. फरक फक्त कोडमध्ये: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. मोपा सुरू झालं त्या वर्षी आमच्या एका कुटुंबाचं विमान मोपाला उतरलं आणि आम्ही पाठवलेली गाडी दाबोळीला उभी राहिली. सोबत चार वर्षांची मुलगी आणि दहा महिन्यांचं बाळ होतं. चूक आमची होती आणि तिचं आम्हाला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून प्रत्येक तिकिटावर आम्ही विमानतळाचं नाव पेनाने मोठ्या अक्षरात लिहून देतो. जाताना आणि येताना वेगवेगळे विमानतळ असतील तर तेही वेगळं लिहितो. ते जरूर वाचा, आणि तुमच्या गाडीवाल्यालाही वाचून दाखवा.

राहायचं कुठे, त्यावर उतरायचं कुठे

हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी या भागात राहणार असाल तर मोपाच. धारगळला महामार्गाला लागलात की साधारण पाऊण तासात समुद्र दिसतो. याच भागासाठी दाबोळीला उतरलात तर अख्खा उत्तर गोवा ओलांडून यावं लागतं.

कोलवा, बाणावली, वार्का, केळशी, मोबोर इथे मुक्काम असेल तर दाबोळी. पाऊण तास ते तास. माजोर्डा त्याहून जवळ, आणि बोगमाळो तर विमानतळाच्या शेजारीच. छोट्या मुलांच्या घरांना आम्ही हा दक्षिणेचा पट्टा मनापासून सुचवतो. किनारे रुंद आहेत, गर्दी कमी आहे, आणि मूल वाळूत बसलं की आईला जरा श्वास घेता येतो.

पाळोळे आणि आगोंद यांच्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथेच सर्वांत जास्त गफलत होते. फोटो पाहून लोक पाळोळे ठरवतात, आणि स्वस्त मिळालं म्हणून तिकीट मोपाचं काढतात. मोपा ते पाळोळे सुमारे शंभर किलोमीटर आहे. पणजी, झुवारीचा पूल, मडगाव असं करत अडीच तास सहज जातात. त्यात मडगावच्या पुढे काणकोणकडे जाताना करमल घाट लागतो. घाट मोठा नाही, पण वळणं आहेत, आणि गाडी लागणाऱ्या मुलांना ती तिथे हमखास लागते. दाबोळीहून आलात तरी हा घाट चुकत नाही. मात्र तोपर्यंत मूल गाडीत तासाभरापेक्षा जास्त बसलेलं नसतं, आणि तेवढ्याने फार फरक पडतो. घाटाआधी पोटभर दूध पाजू नका. मडगावला पाच मिनिटं थांबा, मुलांना पाय मोकळे करू द्या, मग पुढे निघा.

कळंगुट, कांदोळी, बागा आणि पणजीसाठी दोन्ही विमानतळ चालतात. अंतरात थोडाफार फरक आहे, पण झुवारीवर नवा पूल झाल्यापासून दाबोळीकडून पणजीला येणंही सुसह्य झालं आहे. इथे मात्र विमानाची वेळ बघून ठरवा.

वेळ कोणती चांगली?

दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान उतरणारं विमान लहान मुलांसाठी सर्वांत सोयीचं, असं आमचं ठाम मत आहे. पहाटेचं विमान स्वस्त असतं, पण त्यासाठी मुलांना तीन वाजता उठवावं लागतं. शिवाय आठला गोव्यात उतरून करणार काय? बहुतेक हॉटेलांत खोली दुपारी एक-दोननंतरच मिळते. पेंगुळलेलं मूल, चार बॅगा आणि लॉबीतला सोफा असे पाच तास काढणारी कुटुंबं आम्ही पाहिली आहेत. पहाटेचंच विमान घ्यायचं असेल तर लवकर खोली मिळण्याबद्दल हॉटेलशी आधीच बोलून ठेवू, ते काम आमच्याकडे द्या.

रात्री दहानंतर उतरणारं विमान दीड वर्षाच्या आतल्या बाळाला कधीकधी बरं पडतं, कारण ते कडेवर झोपूनच येतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला मात्र झोपेतून उठवून चालवत नेणं फार जड जातं. रात्री टॅक्सीचे दरही वाढीव असतात, तेव्हा तिकिटात वाचलेले पैसे तिथे निघून जातात.

जून ते सप्टेंबरमध्ये जोराच्या पावसाने दोन्हीकडची विमानं कधी हवेत घिरट्या घालतात, कधी दुसऱ्या शहरात वळवली जातात. त्या दिवसांत दिवसाउजेडी उतरणारं विमान घ्या आणि तीन-चार तास पुरेल इतकं जास्तीचं खाणं, दूध, डायपर हातातल्या बॅगेतच ठेवा. चेक-इनच्या बॅगेत ठेवलेला डायपर ऐनवेळी कामाला येत नाही.

विमानतळावरून पुढे

गोव्यात ओला-उबर मिळत नाहीत. विमानतळावर प्रीपेड टॅक्सीची खिडकी आहे, गोवा माइल्स ही ॲपवरून बोलवायची टॅक्सी आहे, आणि कदंब महामंडळाच्या बसही आहेत. दोन मुलं आणि सामान असेल तर बसचा मोह टाळा आणि गाडी आधीच ठरवून ठेवा.

गाडीत मुलांसाठी वेगळं आसन जवळजवळ कधीच नसतं. कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन आवश्यक आहे, नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. दंड बाजूला ठेवा. मूल पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसू नका, एवढं आमचं कळकळीचं सांगणं आहे. आसन हवं असेल तर आठ दिवस आधी सांगा, आम्ही पुण्याहून सोबत द्यायची व्यवस्था करतो.

विमानातलं थोडं

दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर बसून जातं. त्याचं वेगळं शुल्क लागतं आणि जन्मदाखला जवळ असावा लागतो. सहलीच्या दरम्यान बाळाला दोन वर्षं पूर्ण होत असतील तर परतीच्या विमानात त्याला स्वतःची सीट घ्यावी लागते. वाढदिवस साजरा करायला म्हणून निघालेल्यांची इथे अडचण होते, म्हणून जन्मतारीख आम्हाला आधीच कळवा.

जुळी असतील किंवा दोन घरची दोन बाळं असतील, तर ती रांगेच्या एकाच बाजूला मांडीवर बसवता येत नाहीत. तीन सीटांच्या बाजूला प्राणवायूचे मुखवटे चारच असतात, म्हणजे एका बाळापुरतीच सोय. एक पालक वाटेच्या पलीकडे बसेल अशा जागा आम्ही आधीच घेतो.

बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आई-बाबांपैकी किमान एकाजवळची जागा द्यावी, असं डीजीसीएने (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने) एप्रिल 2024 मध्ये विमान कंपन्यांना सांगितलं आहे. त्यासाठी सगळ्यांची नावं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर हवीत. आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढलं तरी चालेल, पण मुलाचं कधीच वेगळं काढू नका.

विमान खाली येऊ लागलं की बाळाला पाजायला घ्या. गिळताना कानाच्या आतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो. मोठ्या मुलाला चघळायला काहीतरी द्या. मात्र पुण्याहून निघताच सगळं दूध संपवू नका, कारण कान जास्त दुखतात ते उतरताना.

मालवण-वेंगुर्ल्याला जाणाऱ्यांसाठी

सावंतवाडी, वेंगुर्ला, शिरोडा, रेडी या बाजूला जाणाऱ्यांना मोपा फार सोयीचं झालं आहे. पत्रादेवीची हद्द ओलांडली की बांदा आलंच. फक्त गाडीला दोन्ही राज्यांत फिरण्याचा परवाना आहे का, ते विचारून घ्या. मालवण, तारकर्ली, देवबागला सर्वांत जवळचा विमानतळ चिपीचा, 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झालेला. तिथे विमानं मोजकी असतात आणि वेळापत्रक बदलतं, तेव्हा तुमच्या तारखांना विमान आहे का ते आम्ही बघून सांगतो. नसेल तर मोपाहून मालवणला दोन तासांच्या पुढेच धरा आणि कुडाळला जेवणासाठी थांबा.

फोन करताना तीन गोष्टी हाताशी ठेवा: प्रत्येक मुलाची जन्मतारीख, राहायचं गाव, आणि मूल दुपारी कधी झोपतं ती वेळ. हॉटेल अजून ठरलेलं नसेल तर तिकीट काढण्याआधीच फोन करा.