"तो सगळ्यांशीच तसा बोलतोय" हे तपासता येतं

कोल्हापुरात एखाद्या बाईनं सांगितलं की अमुक माणूस माझ्याशी फार वाईट बोलला आणि मी बाई आहे म्हणूनच बोलला, तर ऐकणाऱ्यांतलं कुणीतरी लगेच म्हणतंच, "अगं, तो सगळ्यांशीच तसा बोलतोय." वर आणि, "आपली भाषाच रांगडी, मनावर घेऊ नको." हे वाक्य बहुतेक वेळा विषय मिटवायला वापरतात, पण मला ते फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात एक दावा आहे आणि दावा असला की तो खरा का खोटा हे बघता येतं. सगळ्यांशीच म्हणजे कुणाकुणाशी? पुरुषांशी पण? त्याच कामाला आलेल्या, त्याच वयाच्या, तसेच कपडे घातलेल्या पुरुषाशी पण?

रांगडेपणाचं म्हणाल तर तो आहेच, नाकारण्यात अर्थ नाही. हितं माणूस दोन मिनिटांच्या ओळखीवर अरे-तुरेवर येतो, दुकानदार "घ्यायचं असंल तर घ्या" म्हणतो आणि पाच मिनिटांनी त्याच गिऱ्हाईकाला चहा पाजतो, पोरीसुद्धा "मी आलो, मी जातो" म्हणतच मोठ्या होतात. बाहेरून बदली होऊन आलेल्या बाईला पहिला आठवडाभर सगळं गाव आपल्यावर खेकसतंय असं वाटू शकतं. म्हणून नुसता आवाज चढला, नुसतं तुटक बोललं, यावरनं काहीच ठरत नाही. गावाची नेहमीची पट्टी कुठं आहे आणि तुमच्याशी बोलताना ती सरकली का, हे बघायला लागतं.

दोन प्रसंग घ्या. संध्याकाळची भरलेली केएमटी, कंडक्टर ओरडतोय, "ओ ताई, पुढं सरका की, दारात काय उभारलाय!" आणि लगेच मागच्या माणसाला, "काका, तुम्हाला काय वेगळं सांगायला पायजे काय!" हा उद्धटपणा आहे, पण दोघांना सारखाच वाटलेला आहे.

आता उद्यमनगरातलं बेअरिंगचं दुकान. समजा एका बाईचं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे, हातात जुनं झिजलेलं बेअरिंग आहे, नंबर ६२०५, तिला दोन्ही बाजूंनी सील असलेलं पाहिजे आणि ते तिनं सांगितलंय. काउंटरवरचा माणूस बेअरिंगकडं बघत पण नाही, "कशाला पाहिजे ताई? मिस्त्रीला पाठवा की. नाहीतर फोन लावून द्या, मी बोलतो त्यांच्याशी." तेवढ्यात मागनं एक पोरगं येतं, ऑइलानं हात माखलेले, नुसतं "बासष्ट झिरो पाच, सीलवालं" म्हणतं आणि दोन मिनिटांत बॉक्स काउंटरवर. आवाज कुणाचाच चढला नाही, उलट "ताई" म्हणलं गेलं, आणि तरी पहिल्या प्रसंगापेक्षा संशय इथं जास्त घट्ट होतो. पण घाई नको, कारण त्या पोराचे हात ऑइलाचे होते, तो कामगार आहे हे दुकानदाराला दिसत होतं. खरी तुलना करायची तर इस्त्रीचा शर्ट घातलेला, हात स्वच्छ असलेला पुरुष तिथं उभा करायला लागेल आणि त्यालाही "मिस्त्रीला पाठवा" म्हणतात का ते बघायला लागेल.

हॅरल्ड केली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६७ साली नेमकं हेच मांडलं होतं, की माणूस दुसऱ्याच्या वागण्याचं कारण शोधताना तीन गोष्टी ताडून बघतो. हा माणूस इतरांशी पण असाच वागतो का, समोरच्या व्यक्तीशी इतर लोक पण असंच वागतात का, आणि हे एकदाच घडलं का परत परत घडतंय. कंडक्टर सगळ्यांवर ओरडतोय, म्हणजे कारण त्याच्या स्वभावात किंवा गर्दीत. दुकानदार फक्त बायकांना मिस्त्री विचारतोय, आणि त्या बाईला इतर दुकानांत पण तसंच विचारतात, आणि दर खेपेला विचारतात, मग कारण त्या दुकानदाराच्या मूडमध्ये शोधण्यात अर्थ राहत नाही.

कधी कधी तुलनेची गरजच पडत नाही, कारण शिवीच सगळं सांगून टाकते. रस्त्यात कट मारला म्हणून पुरुषाला "डोळे फुटलेत काय" ऐकायला लागतं आणि तीच चूक केलेल्या बाईला "गाडी कुणी दिली हिला, घरात भाकरी थापायची सोडून". चिडण्याचं कारण एकच, राग पण कदाचित तेवढाच, पण दुसऱ्या वाक्यात तिची चूक तिच्या बाईपणाला चिकटवली आणि तिची जागा कुठली ते पण सांगितलं. त्या माणसानं तोंडातनं स्वतःच पुरावा दिला. अशा वेळी "तो सगळ्यांवरच चिडतो" हे खरं असलं तरी ते उत्तर होत नाही.

आणि उलट बाजू जास्त फसवी आहे. पीटर ग्लिक आणि सुझन फिस्क यांनी १९९६ मध्ये दाखवलं की लिंगभेदाचे दोन चेहरे असतात, एक उघड शत्रुत्वाचा आणि एक गोड, म्हणजे बायका नाजूक, पवित्र, त्यांना जपायला पाहिजे, अवघड काम त्यांच्यावर टाकू नये. पुढं २००० साली १९ देशांतल्या १५,००० हून जास्त लोकांचा अभ्यास आला आणि त्यात हे दोन्ही चेहरे जोडीनंच दिसले, ज्या देशात एक जास्त तिथं दुसरा पण जास्त. म्हणजे लिंगभेद गोड बोलून पण होतो, आणि म्हणून उद्धटपणा आणि लिंगभेद या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. केएमटीचा कंडक्टर एका पट्टीवर वर आणि दुसऱ्या पट्टीवर शून्य असू शकतो, आणि "मॅडम, साइटवर उन्हात कशाला येताय, मी बघतो की" म्हणणारा अतिशय सभ्य साहेब बरोबर उलटा असू शकतो. त्या सभ्य साहेबाच्या ऑफिसात बाईला साइटचा अनुभव मिळत नाही, प्रमोशनच्या वेळी "अनुभव कमी" म्हणून नाव मागं पडतं, आणि कुणी तिचा अपमान केला असं तिलासुद्धा सांगता येत नाही.

खरी अडचण त्या एकट्या बाईची आहे. तिच्याकडं फक्त स्वतःचा अनुभव असतो, तिच्या जागी पुरुष असता तर काय झालं असतं हे तिला कधीच बघायला मिळत नाही. जेनिफर क्रॉकर आणि ब्रेंडा मेजर यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी या अवस्थेवर काम केलं, कारण कुठलं धरायचं हेच कळत नाही अशी अवस्था, माझं चुकलं म्हणून बोलला, का बाई म्हणून बोलला. वाटतं तितकं हे साधं नाही, कारण शंका वाईट बोलण्यापुरती राहत नाही, कौतुकाला पण लागते. त्यांच्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना गोऱ्या व्यक्तीकडून चांगला शेरा मिळाला, आणि आपण त्या व्यक्तीला दिसत होतो हे ज्यांना माहीत होतं त्यांना त्या चांगल्या शेऱ्याचं बळ मिळालं नाही, उलट स्वतःबद्दलचं मत खाली आलं. अशा शंकेत रोज राहणं हेच एक ओझं आहे, आणि ते ज्याला कधी वाहायला लागत नाही त्याला दिसत पण नाही.

तुलना करायची तर सारख्याशी सारखं ठेवून करायला पाहिजे, नाहीतर आकडे फसवतात. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात १९७३ साली पदव्युत्तर प्रवेशात पुरुषांचे ४४ टक्के अर्ज मंजूर झाले आणि बायकांचे ३५ टक्के, उघड भेदभाव वाटला. पण विभागवार बघितल्यावर तो फरक जवळजवळ नाहीसा झाला, बायकांनी जास्त करून अशा विभागांत अर्ज केले होते जिथं प्रवेश मिळणंच अवघड होतं. हेच हॉस्पिटलमध्ये लावून बघा. मोठे डॉक्टर सिस्टरवर खेकसतात, मग ते बाई म्हणून का नर्स म्हणून? वॉर्डातल्या ब्रदरवर पण तितकंच खेकसत असतील तर तो हुद्द्याचा माज आहे. पण इथंच थांबलं तर अर्धंच कळलं, कारण ज्या हुद्द्यावर खेकसलेलं चालतं तिथं बायकाच का भरलेल्या आहेत हा प्रश्न उरतोच. बर्कलीच्या आकड्यांवर काम करणाऱ्यांनी पण तेव्हाच लिहिलं होतं की मुली त्या ठराविक विषयांकडं कशा वळवल्या जातात ते प्रवेशाच्या टेबलाच्या कितीतरी आधी बघायला पाहिजे. आणि जात, वय, कपडे, खेड्यातनं आलेली का शहरातली, हे सगळं पण त्याच बोलण्यात मिसळलेलं असतं. स्टँडवर चौकशीच्या खिडकीशी उभारलेल्या नऊवारीतल्या म्हातारीला मिळणारं उत्तर आणि इंग्रजी बोलणाऱ्या मुलीला मिळणारं उत्तर ऐका म्हणजे पटेल.

हुद्दा सारखा ठेवून तुलना करायला मिळाली तर काय दिसतं, याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचं आहे. तिथले सगळे न्यायाधीश एकाच बाकावर, अधिकार सारखा. टोंजा जेकोबी आणि डिलन श्वीअर्स यांनी सुनावणीच्या शब्दशः नोंदींतनं कोण कुणाचं बोलणं तोडतं ते मोजलं, अभ्यास २०१७ मध्ये आला, आणि २०१५ च्या सत्रात तीनच महिला न्यायाधीश असताना मध्येच तोडलेल्या बोलण्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश त्या तिघींची होती. एकेक प्रसंग सुटा घेतला असता तर प्रत्येक वेळी वेगळं कारण देता आलं असतं, वेळ कमी होता, मुद्दा तापला होता, वकिलाला घाई होती. सगळे प्रसंग एकत्र मोजल्यावर ती कारणं टिकत नाहीत.

दुसरा रस्ता प्रयोगाचा. २०१२ मध्ये कॉरीन मॉस-रॅक्युसिन आणि सहकाऱ्यांनी विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना लॅब मॅनेजरच्या नोकरीचा एकच अर्ज दाखवला, काहींना जॉन नावानं, काहींना जेनिफर. अक्षर न् अक्षर सारखं असूनही जॉन जास्त लायक ठरला आणि त्याला सुचवलेला पगार वर्षाला साधारण ३०,००० डॉलर, जेनिफरला २६,५०० च्या आसपास. यात महिला प्राध्यापक पण पुरुषांइतक्याच वाकड्या निघाल्या, म्हणून "बोलणारी बाईच होती, मग कसला लिंगभेद" हे पण उत्तर होत नाही.

पण रोजच्या जगण्यात कोण प्रयोग करणार, अर्धवट माहितीवरच ठरवायला लागतं आणि त्यात दोन प्रकारच्या चुका होतात, नसलेलं दिसणं आणि असलेलं न दिसणं. एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते. आपल्या पंचगंगा नदीच्या पुराचं बघा, राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटाला गेलं की इशारा आणि ४३ ला धोका. कैक वर्षं ३९ होऊन पाणी उतरतं, लोकांनी हलवलेली जनावरं परत आणायला लागतात, तरी कुणी इशारा पातळी ५० वर न्या म्हणत नाही, कारण २०१९ ला पाणी ५५ च्या वर गेलेलं सगळ्यांनी बघितलंय. बाईच्या बाबतीत मात्र उलट होतं, तिनं शंभर टक्के पुरावा आणल्याशिवाय तोंडच उघडू नये असं धरलं जातं, आणि एकदा जरी शंका चुकली तर तिला कायमची "सारखी रडणारी" ठरवतात. माझं म्हणणं असं आहे की शंका कमी पुराव्यावर घ्यावी, ती मोकळेपणानं बोलता यावी, आणि एखाद्या माणसावर ठपका ठेवायचा तर मात्र पुरावा जास्त मागावा. या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि आपण त्या एकच करून टाकतो.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?" हे पण एक ठरलेलं. ज्युली वुडझिका आणि मॅरियन लाफ्रान्स यांनी २००१ मध्ये यावर प्रयोग केला. मुलाखतीत पुरुषानं आक्षेपार्ह प्रश्न विचारले तर काय कराल असं आधी मुलींना विचारलं, तर काहींनी सांगितलं की राग येईल, बहुतेकींनी सांगितलं की तोंडावर सुनावू, आणि ६८ टक्के म्हणाल्या की निदान एका प्रश्नाचं उत्तर द्यायला नकार देऊ. मग दुसऱ्या मुलींना खरी वाटणारी मुलाखत देऊन तेच प्रश्न प्रत्यक्ष विचारले, तर एकीनं पण नकार दिला नाही, आणि रागापेक्षा भीती जास्त होती. त्यामुळं गप्प बसली म्हणजे काही झालंच नव्हतं, हा निष्कर्ष चुकीचा आहे.

आपल्या जिल्ह्यात हजारावर ग्रामपंचायती आहेत, आणि २०११ पासून राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. सरपंच बाई बोलायला लागली की प्रश्न तिच्या नवऱ्याकडं बघून विचारायचा, तिचं वाक्य मध्येच तोडायचं, "वहिनी, तुमचं ऱ्हाऊ दे, दादा सांगतील" म्हणायचं, हे कितीतरी जणांनी बघितलं असेल, आणि त्यावर पण तेच उत्तर, गावचा माणूस सगळ्यांशीच तसा बोलतोय. ग्रामसभा तर सगळ्यांना खुली असते, तिथं बसून वहीवर दोन रकाने करायचे, सरपंच बाई असताना किती वेळा बोलणं तोडलं आणि शेजारच्या गावात सरपंच पुरुष असताना किती वेळा. आठ-दहा सभांची नोंद झाली तरी बोलायला काहीतरी हातात येईल. अमेरिकेच्या कोर्टानं २०२१ मध्ये सुनावणीची पद्धत बदलली आणि न्यायाधीशांना ज्येष्ठतेनुसार एकेकाला पाळीनं प्रश्न विचारायची वेळ ठेवली, तेव्हा न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी जाहीरपणे सांगितलं की त्यामागं बोलणं तोडण्यावरच्या त्या अभ्यासांचा पण हात होता.