क्लाउड स्थलांतर नियोजन : खानदेशातील उद्योगांच्या संदर्भात

कंपनीच्या आवारातील सर्व्हरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअर प्रणाली व त्यांतील माहिती क्लाउड सेवादात्याच्या डेटा सेंटरमध्ये नेण्याआधी जी पाहणी, वर्गवारी, खर्चाची आकारणी आणि हलवण्याच्या क्रमाची आखणी करावी लागते, तिला क्लाउड स्थलांतर नियोजन म्हणतात. प्रत्यक्ष हलवाहलव बहुधा एक-दोन रात्रींत उरकते. नियोजनाला मात्र महिने लागतात. प्रस्तुत नोंदीत खानदेश म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे अभिप्रेत आहेत. ऐतिहासिक खानदेशात मोडणारे बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले, तरी व्यापाराच्या वह्यांत ते कायम आहे आणि पुढे लिपीच्या संदर्भात त्याचा उल्लेख येईल.

संज्ञा व उगम : दूरध्वनी व संगणक जाळ्यांच्या आराखड्यांत, ज्या भागाची अंतर्रचना वापरणाऱ्याला माहीत असण्याची गरज नाही, तो ढगाच्या आकृतीने दाखवण्याचा प्रघात जुना आहे. संगणनशक्ती वीज-पाण्यासारखी भाड्याने मिळावी ही कल्पना जॉन मॅकार्थी यांनी १९६१ मध्ये एमआयटीच्या शताब्दी समारंभातील भाषणात मांडली. मात्र तीत ढगाचा उल्लेख नाही. ‘क्लाउड कॉम्प्युटिंग’ हा जोडशब्द प्रथम कोणी वापरला याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार तो कॉम्पॅक कंपनीच्या नोव्हेंबर १९९६ च्या अंतर्गत व्यवसाय-आराखड्यात आढळतो. दुसरे मत रामनाथ चेल्लप्पा यांच्या १९९७ मधील व्याख्यानाकडे बोट दाखवते. विद्वत्तापूर्ण लेखनात हेच मत अधिक उद्धृत होते. तिसरा पक्ष गूगलचे तत्कालीन प्रमुख एरिक श्मिट यांच्या ऑगस्ट २००६ मधील जाहीर संभाषणापासून गणना करतो. कालक्रमाने पहिले मत पुढे असले, तरी आजच्या अर्थाने शब्द रुळला तो २००६ नंतरच, असे मानणे सयुक्तिक दिसते. ॲमेझॉनची साठवण-सेवा व भाड्याचे सर्व्हर त्याच वर्षी अनुक्रमे मार्च व ऑगस्टमध्ये सुरू झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये दिलेली व्याख्या (पाच लक्षणे, तीन सेवाप्रकार, चार उभारणीप्रकार) आता बहुतेक करारपत्रांत गृहीत धरली जाते.

मराठीत ‘मेघ संगणन’ हा पर्याय आहे आणि केंद्र सरकारच्या क्लाउड उपक्रमाचे नावही ‘मेघराज’ आहे; व्यवहारात मात्र ‘क्लाउडवर टाकणे’ हेच चालते. ‘स्थलांतर’ या शब्दाने नंदुरबारकडे पहिल्यांदा आठवतात ते धडगाव-अक्कलकुव्याकडून हंगामी कामासाठी गुजरातेत जाणारे मजूर, त्यामुळे तांत्रिक बोलण्यात ‘मायग्रेशन’ पसंत केले जाते.

वर्गवारी : प्रत्येक प्रणालीचे पुढे काय करायचे याच्या ठरीव पर्यायांना इंग्रजी आद्याक्षरावरून ‘आर’ म्हणण्याची रूढी आहे. किती ‘आर’ मानावेत यावर बरीच शाई खर्च झाली आहे. गार्टनर या संशोधनसंस्थेने २०१०-११ च्या सुमारास पाच सांगितले. ॲमेझॉनचे स्टीफन ऑर्बन यांनी २०१६ मध्ये सहा मांडले : जसेच्या तसे उचलून नेणे, किरकोळ बदल करून नेणे, जुने टाकून तयार सेवा घेणे, नव्याने बांधणे, बंद करणे आणि आहे तिथेच ठेवणे. पुढे आभासी यंत्रांचा (एका सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या स्वतंत्र संगणकांचा) अख्खा संच एकदम सरकवण्याचा सातवा प्रकार जोडला गेला. गार्टनरच्या पाचांत ‘बंद करणे’ व ‘ठेवणे’ यांना जागा नाही, कारण ती यादी फक्त जाणाऱ्या प्रणालींची आहे. नियोजनाच्या दृष्टीने सहांची यादी उपयुक्त ठरते. काय न्यायचे नाही हे कागदावर आले नाही, तर तीन वर्षे कोणी न उघडलेली प्रणालीही भाडे भरून क्लाउडवर जाऊन बसते.

पाहणी : नियोजनाचा गाभा वर्गवारीत नसून यादीत आहे. सर्व्हर, त्यावरील प्रणाली, तिचे माहितीकोश (डेटाबेस), परवाने, वापरणारे विभाग आणि एका प्रणालीचे दुसरीवरचे अवलंबन ही नोंद आधी व्हावी लागते. मोठ्या कंपन्यांत हे काम जाळ्यातील वाहतूक टिपणारी साधने करतात. ती काही आठवडे चालू ठेवतात. त्यात निदान एक महिनाअखेर यावी, अन्यथा महिन्यातून एकदाच चालणारी पगारपत्रके व कर-विवरणे नजरेतून निसटतात. लहान पेढीत साधनापेक्षा दिवाणजी अधिक सांगतो.

खानदेशातील उद्योगांत, म्हणजे जळगावच्या दालमिली, प्लॅस्टिक पाइप व चटई कारखाने, सराफी पेढ्या, जिनिंग-प्रेसिंग, शिरपूर-धुळ्याकडील वस्त्रोद्योग, दोंडाईचा-नंदुरबारचा मिरचीव्यापार यांत, काही अवलंबने वारंवार आढळतात. वजनकाट्याचा संगणक हे त्यांतले ठळक उदाहरण. काट्याचा दर्शक सिरियल केबलने त्या संगणकाला जोडलेला असतो आणि वजन थेट पावतीत उतरते. ही केबल मुंबईतल्या डेटा सेंटरपर्यंत नेता येत नाही. म्हणून काट्याची प्रणाली ‘आहे तिथेच’ ठेवून तिने पावत्या स्थानिक साठवाव्यात व जोडणी असेल तेव्हा वर पाठवाव्यात, अशी रचना करतात. गाडी काट्यावर उभी आहे आणि इंटरनेट नाही म्हणून पावती फाटत नाही, असे झाले तर मागे रांग लागते. दुसरे उदाहरण डोंगलचे : काही जुनी सॉफ्टवेअर यूएसबीला खोचलेल्या कुलूपाशिवाय उघडत नाहीत आणि भाड्याच्या आभासी यंत्राला ते खोचायला जागाच नसते. विक्रेत्याकडून परवाना बदलून घेण्यात जाणारा वेळ वेळापत्रकात धरावा लागतो. विक्रेता धंद्यातून गेला असेल, तर ‘टाकून तयार सेवा घेणे’ एवढाच मार्ग उरतो.

माहितीची लिपी : स्थलांतराच्या सर्वसाधारण मार्गदर्शिकांत हा भाग सापडत नाही, पण मराठीत नोंदी ठेवणाऱ्या पतसंस्था, बाजार समित्यांतील आडतपेढ्या व सहकारी संस्था यांच्याकडे तो सर्वांत चिवट असतो. फॉक्सप्रोसारख्या डेटाबेस-सॉफ्टवेअरच्या कोशांत साठवलेली जुनी मराठी माहिती पुष्कळदा विशिष्ट फाँटच्या चिन्हसंकेतांत असते. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच. त्या फाँटमुळे ती देवनागरी दिसतात. क्लाउडवरील नव्या प्रणाली युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरीव क्रमांक देणारे जागतिक मानक, गृहीत धरतात. तेव्हा फाँटनिहाय तक्ता वापरून रूपांतर करावे लागते, आणि ते अक्षराला अक्षर असे होत नाही. फाँट-संकेतात अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठतात : ‘शिरपूर’ मधील ऱ्हस्व वेलांटी श च्या आधी, ‘कर्ज’ मधील रफार ज च्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चारानुसार क्रम असतो, म्हणून वेलांटी श च्या नंतर आणि र ज च्या आधी न्यावा लागतो. भारतीय मानक आयएस १३१९४ : १९९१, म्हणजे इस्की, या भारतीय लिप्यांसाठीच्या संकेतात माहिती असल्यास काम सोपे जाते, तिचा क्रमही उच्चारानुसारी आहे आणि युनिकोडचा देवनागरी विभाग इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेला आहे.

खरी अडचण ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ मधील अर्ध्या र ची. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिता येतो : खाली टिंब असलेला ऱ व हलन्त, किंवा साधा र, हलन्त व त्यानंतर न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक. पहिली रीत इस्कीला धरून आहे, दुसरी युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी ठेवलेली. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, पण संगणकाला ती वेगळी वाटतात आणि युनिकोडचे प्रमाणीकरणही (एकाच अक्षराच्या वेगळ्या लेखनरीती एक करण्याची प्रक्रिया) ती एक करत नाही. परिणामी भुसावळ तालुक्यातील कुऱ्हे, सीमेपलीकडचे बऱ्हाणपूर किंवा बऱ्हाटे हे आडनाव एकाच कोशात दोनदा नोंदले जाऊ शकते, आणि शोध घेतल्यावर निम्मी खाती ‘सापडत नाहीत’. हाच प्रकार ‘ॲ’ चा. त्याला स्वतंत्र संकेत युनिकोडच्या ५.१ (२००८) आवृत्तीत मिळाला. त्याआधीच्या नोंदींत तो अ व चंद्र यांच्या जोडणीने लिहिलेला असतो. म्हणून रूपांतराआधीच एक रीत ठरवून सर्व नोंदी तिच्यात आणणे, आणि गावांची व आडनावांची यादी माणसाच्या नजरेखालून घालणे, हे टप्पे नियोजनात वेगळे दाखवावेत. खात्यांची संख्या व शिलकांची बेरीज जुळली म्हणजे रूपांतर झाले, असे समजण्याची चूक सर्रास होते. बेरजेला लिपी कळत नाही.

प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना २०२२ मध्ये मंजूर झाली. तीत गावोगावच्या विकास सोसायट्या एका सामाईक, क्लाउडवरील प्रणालीत आणायच्या आहेत; वह्यांतली नावे तेथे नव्याने भरली जात असल्याने वरील प्रश्न एका पिढीने पुढे सरकतो.

जोडणी : मायक्रोसॉफ्टची पुणे, मुंबई व चेन्नई येथील क्लाउड केंद्रे २०१५ मध्ये, ॲमेझॉनचे मुंबईतील २०१६ मध्ये व गूगलचे मुंबईतीलच २०१७ मध्ये सुरू झाले. जळगाव-मुंबई लोहमार्गाचे अंतर सुमारे ४२० किमी. आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी. जात असल्याने तेवढ्या अंतराची फेरी ४-५ मिलिसेकंदांत व्हावी. वळसे व मधली यंत्रे धरून ती काही पटींनी वाढते. वेबवर चालणाऱ्या प्रणालीला याने फरक पडत नाही. फाइलवर आधारित जुन्या हिशेबप्रणालीला मात्र पडतो. एक अहवाल काढताना ती १०,००० वेळा फाइल वाचत असेल आणि प्रत्येक फेरीला १५ मिलिसेकंद लागत असतील, तर अडीच मिनिटे जातात. कार्यालयातल्या जाळ्यावर अर्ध्या मिलिसेकंदाच्या हिशेबाने तेच काम ५ सेकंदांचे. अशा वेळी नुसता कोश वर न नेता कार्यक्रम व कोश दोन्ही एकत्र नेऊन पडदा तेवढा दुरून पाहतात.

सुरुवातीची माहिती वर चढवण्याचाही हिशेब करावा लागतो. २ टेराबाइट माहितीला ५० मेगाबिटच्या जोडणीवर, वेग पूर्ण मिळाला तरी, सुमारे पावणेचार दिवस लागतात. त्याहून मोठे साठे डिस्कवर भरून गाडीने पाठवणे अजूनही स्वस्त पडते. दुसरी जोडणी घेताना ती वेगळ्या कंपनीची असणे पुरेसे नाही, वेगळ्या वाटेने येणारी असावी; एकाच खांबावरून आलेल्या दोन केबल एकाच खोदकामात तुटतात.

हंगाम : कटओव्हरची तारीख, म्हणजे जुनी प्रणाली थांबवून नवी चालू करण्याचा दिवस, ठरवताना मार्गदर्शिका आठवड्याची अखेर सुचवतात. खानदेशात आठवड्यापेक्षा हंगाम महत्त्वाचा. सराफी पेढीला धनत्रयोदशी व आखाजी (अक्षय्य तृतीया), जिनिंगला दसऱ्यापासून साधारण फेब्रुवारीपर्यंतचा कापूस, दालमिलीला जानेवारीपासूनची तुरीची आवक, मिरचीव्यापाराला हिवाळा आणि सर्वांनाच मार्चअखेर वर्ज्य. उरतो तो बहुधा उन्हाळ्याचा उत्तरार्ध ते पावसाळा. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो. सर्व्हरखोलीचा एसी व वीज यांच्यावरचा विश्वास उडून क्लाउडचा विचार पहिल्यांदा होतो तो याच दिवसांत, आणि तोपर्यंत त्या वर्षीची नियोजनाची मुदत निघून गेलेली असते.

कायदेशीर चौकट : कंपनी (लेखे) नियम, २०१४ यांत ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोजच्या रोज असावा लागतो, १ एप्रिल २०२३ पासून हिशेबप्रणालीत बदलांचा माग ठेवणेही कंपन्यांना बंधनकारक आहे. भागीदारी पेढ्यांना व सहकारी संस्थांना हे नियम लागू नाहीत, आणि खानदेशातील व्यापारी आस्थापनांत अशा पेढ्या पुष्कळ आहेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना ६ तासांत कळवणे व नोंदी १८० दिवस ठेवणे आवश्यक आहे. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेचे माहिती-तंत्रज्ञान सेवांच्या बाह्यस्रोतीकरणाविषयीचे निर्देश पाहावे लागतात; वैयक्तिक माहितीसाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम.

खर्च : यंत्रखरेदीचा एकरकमी खर्च जाऊन मासिक भाडे येते. जुन्या सर्व्हरच्या क्षमतेएवढे यंत्र न घेता त्याच्या मोजलेल्या वापराएवढे घ्यावे. माहिती वर चढवण्यास सहसा शुल्क नसते, खाली उतरवण्यास असते.

हलवण्याचा क्रम : कमी जोखमीची एखादी प्रणाली आधी, परस्परांवर अवलंबून असलेल्या प्रणाली एका गटात, आणि प्रत्येक गटासाठी परतीची वाट व ती कोणत्या तासापर्यंत खुली राहील याची नोंद, असा रिवाज आहे. नव्या प्रणालीत ग्राहकाची पहिली पावती फाटली की परत फिरणे महाग होते, म्हणून हा तास दुकान उघडण्याच्या आधीचा ठरवतात. किती वेळ बंद चालेल व किती वेळाची माहिती गमावणे सोसेल, हे दोन आकडे तंत्रज्ञाने नव्हे, मालकाने द्यायचे असतात.

जुना सर्व्हर : कंपनी अधिनियम, २०१३ प्रमाणे हिशेबपुस्तके आठ आर्थिक वर्षे जतन करावी लागतात. रूपांतरित माहितीची तुलना करण्याची वेळ त्या अवधीत कधीही येऊ शकते. म्हणून मूळ कोश, तो वाचणारा जुना कार्यक्रम आणि तो विशिष्ट फाँट हे तिन्ही एका आभासी यंत्रात गोठवून, फक्त वाचण्यापुरते ठेवतात. फाँट विसरला गेल्यास उरलेले दोन्ही निरुपयोगी ठरतात.