साताच्या सत्तर वेळा: ख्रिस्ती मंडळीतील क्षमा आणि समेट यांची पार्श्वभूमी

सोलापुरातील मंडळ्यांत उत्तम शुक्रवारी वधस्तंभावरील सात उद्गारांवर प्रवचने होतात आणि त्यांतला पहिला उद्गार वधस्तंभावर चढवणाऱ्यांसाठी मागितलेल्या क्षमेचा असतो. तथापि ती क्षमा रोजच्या व्यवहारात किती वेळा आणि कोणत्या रीतीने द्यायची, हा वाद मंडळीइतकाच जुना आहे.

त्याचे मूळ मत्तयकृत शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात आहे. अपराध करणाऱ्या भावाला सात वेळा क्षमा करावी काय, असे पेत्र विचारतो. पेत्राच्या कोतेपणावर बोट ठेवणारे प्रवचनकार त्याच्यावर अन्यायच करतात, कारण यहुदी धर्मगुरूंच्या परंपरेत तीन वेळांची मर्यादा नोंदलेली आढळते. येशूने मात्र साताच्या सत्तर वेळा, असे उत्तर देऊन मोजणीच निकालात काढली आणि लगेच निर्दय चाकराचा दृष्टान्त सांगितला: राजा ज्याचे प्रचंड देणे माफ करतो, तोच चाकर आपल्या सोबत्याला थोड्या देण्यासाठी तुरुंगात टाकतो. त्यातले आकडे मुद्दाम पाहण्याजोगे आहेत. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. सोबत्याचे देणे शंभर दीनारांचे, म्हणजे आपल्याकडच्या यंत्रमाग कामगाराने मालकाकडून घेतलेल्या मोठ्या उचलीएवढे. ते हप्त्याहप्त्याने फिटू शकते. चाकराचे स्वतःचे देणे दहा हजार तालंतांचे, म्हणजे सुमारे सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे होते आणि तरीही तो राजाला ‘सगळे फेडीन’ असे सांगतो.

या शिकवणुकीची खरी कसोटी इ. स. २५०मध्ये लागली. रोमन सम्राट डेसियसने प्रजेला देवतांपुढे यज्ञ करून तसा दाखला घेण्याची सक्ती केली, तेव्हा अनेक ख्रिस्ती लोकांनी यज्ञ केला आणि काहींनी यज्ञ न करताच पैसे मोजून दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर ही माणसे परत आली आणि त्यांना घ्यायचे की नाही, यावरून मंडळ्या दुभंगल्या. रोममधील धर्मगुरू नोव्हाशियनने त्यांना पुन्हा घेण्यास ठाम नकार दिला, तर उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा बिशप सिप्रियन याने प्रत्येकाचा अपराध तपासून, पश्चात्तापाचा काळ ठरवून परत घेण्याचा मार्ग धरला. माझ्या मते पुढील सर्व इतिहासाला वळण देणारा निर्णय हाच होता. ३२५ साली निकाया येथील परिषदेने, छळाची सक्ती नसताना विश्वास सोडलेल्यांसाठी तीन, सात आणि दोन असे एकूण बारा वर्षांचे पश्चात्तापाचे टप्पे घालून दिले. मृत्युशय्येवरील माणसाला मात्र प्रभुभोजन नाकारू नये, असेही ठरवले.

प्राचीन काळी असा जाहीर पश्चात्ताप आयुष्यात एकदाच करता येई. पुन्हा पुन्हा पापकबुली देण्याची खासगी रीत पुढे आयर्लंडमधील संन्याशांनी युरोपभर नेली आणि १२१५च्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी कबुली देणे बंधनकारक केले. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने १५१७मध्ये आपल्या ९५ प्रबंधांतल्या (छोट्या विधानांतल्या) पहिल्याच विधानात विश्वासणाऱ्याचे सारे आयुष्य पश्चात्तापाचे असावे, असे मांडले.

सोलापुरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन मराठी मिशनचे काम उभे राहिले. ते मिशन काँग्रिगेशनल परंपरेचे, म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळीने आपला कारभार स्वतः पाहावा असे मानणारे होते, म्हणून सभासदाला प्रभुभोजनापासून दूर ठेवणे आणि पुन्हा सामावून घेणे ही बिशपची नव्हे, तर मंडळीची जबाबदारी मानली जाई. त्यासाठी आधार घेतला जातो तो मत्तयाच्या त्याच १८व्या अध्यायाचा: आधी एकट्याने जाऊन बोलावे, मग दोघा-तिघांना सोबत न्यावे, शेवटी मंडळीला सांगावे. १९७०मध्ये अनेक पंथांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन होऊन या परंपरेतल्या मंडळ्या त्यात आल्या आणि बिशपपद स्वीकारले गेले. तरीही तंटा आधी पाळकाच्या आणि पंचांच्या बैठकीतच मिटवावा, ही अपेक्षा टिकून आहे.

अशा बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो: क्षमा झाली म्हणजे पदही परत मिळाले काय? मंडळीच्या पैशांत गफलत करणाऱ्या खजिनदाराच्या बाबतीत तो फार टोकदार होतो. सिप्रियनपुढेही स्पेनमधील दोन बिशपांच्या निमित्ताने तो आला होता. दोघांवरही विश्वास सोडल्याचा दाखला घेतल्याचा ठपका होता आणि सिप्रियनने असा निर्वाळा दिला की त्यांना पश्चात्तापासाठी मंडळीत घ्यावे, बिशपपदावर मात्र पुन्हा बसवू नये.