साठ हातांची वाट : चंक्रमणाची पार्श्वभूमी

झाडांखालून सजगतेनं चालण्याचे वर्ग आता तब्येतीच्या नावानं भरतात. त्यावर जाणकारांचा ठरलेला आक्षेप असतो : ही साधना मुक्तीसाठीची, तिचं हे औषध कुणी केलं? पण भिक्षूंच्या नियमांचा पाली ग्रंथ, विनयपिटक, उघडलं, तर या चालण्यासाठी परवानगी मागणारा माणूस वैद्यच निघतो.

त्यातल्या चुल्लवग्ग या भागातली हकीकत वैशालीची आहे. तिथं भिक्षूंना पक्वान्नांची जेवणं मिळू लागली, अंगं जडावली, दुखणी वाढली. जीवक वैद्यानं ते पाहून बुद्धांकडे दोन सोयी मागितल्या : चंक्रमणाची जागा आणि घाम काढणारं न्हाणीघर. चंक्रमण म्हणजे ठरलेल्या पट्ट्यात येरझाऱ्या. पुढे तक्रारी येत गेल्या तसतसे नियम वाढले. उंचसखल जमिनीनं पाय दुखतात, तर ती सपाट करा. पाणी साचतं, तर जोतं उंच करा. जोत्यावरून माणसं पडतात, तर कठडा घाला. ऊन आणि थंडी बाधते, तर वर छप्पर. बुद्धवचनांच्या अंगुत्तरनिकाय या संग्रहात चंक्रमणाचे पाच फायदे दिलेत : वाटचाल सोसते, साधनेला नेट येतो, दुखणी कमी होतात, खाल्लेलं पचतं आणि चालताना साधलेली समाधी जास्त टिकते. पाचांतले तीन तर सरळ शरीराचेच आहेत.

अरण्य आलं ते एकांतासाठी. सजगतेच्या साधनेवरच्या सतिपट्ठान सुत्तात साधकानं अरण्यात, झाडाच्या बुंध्याशी किंवा रिकाम्या घरात बसावं असं म्हटलंय. म्हणजे रिकामं घरही चालतं. पाचव्या शतकातला ‘विसुद्धिमग्ग’ हा साधनाग्रंथ साधनेला न चालणाऱ्या विहाराचे अठरा दोष सांगतो, आणि त्यांत पाणवठा, फुलझाडं, फळझाडं, इतकंच काय, नावाजलेली जागाही येते. कारण उघड आहे : तिथं माणसांचा राबता असतो. (आजची बहुतेक ‘निसर्गरम्य’ केंद्रं या यादीत नापास होतील.) गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी संपादित केलेली या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईत निघाली.

चंक्रमणाची वाट कशी असावी, हे अट्ठकथांनी, म्हणजे जुन्या पाली टीकाग्रंथांनी, मापांसकट लिहून ठेवलंय. लांबी साठ हात, म्हणजे साधारण २७ मीटर. रुंदी दीड हात. दोन्ही बाजूंना हातभर मोकळी पट्टी. तळ मऊ, त्यावर सारखी पसरलेली वाळू. नमुना म्हणून श्रीलंकेतल्या चेतियगिरी या डोंगरावरची, तिथं धम्म नेणाऱ्या महिंद थेरांची वाट दाखवली आहे. दोष पाच. जमीन कडक आणि खडबडीत असेल तर पायांना फोड येतात आणि चित्त ठरत नाही. वाटेत झाड असेल तर बेसावधपणे कपाळ आपटतं. झुडपं माजली असतील तर अंधारात सापावर पाय पडतो. फार अरुंद वाटेवर पायाची बोटं ठेचकाळतात. आणि फार रुंद वाटेवर मन भरकटतं. हा शेवटचा दोष लिहिणारा स्वतः पुष्कळ चाललेला असणार.

महाराष्ट्रातल्या लेण्यांशी याचा धागा पावसाळ्यातल्या मुक्कामातून जुळतो. वर्षावासाचे तीन महिने भिक्षूंनी एकाच जागी राहायचं, कारण फिरताना कोवळं गवत आणि जीवजंतू तुडवले जातात असा लोकांचा बोल होता. मुंबईतल्या जंगलातल्या कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी, खोदलेले बाक आणि पाण्याची टाकी आहेत.

आधुनिक भाग थोडक्यात. पालीतल्या ‘सति’ला, म्हणजे सजगतेला, ‘माइंडफुलनेस’ हा इंग्रजी शब्द पालीचे अभ्यासक ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ साली वापरला. १९७९ साली जॉन काबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये जुनाट वेदनांच्या रुग्णांसाठी सजगतेचे वर्ग सुरू केले. ‘शिनरिन-योकू’, म्हणजे वनस्नान, हे नाव मात्र १९८२ साली जपानच्या वनखात्यानं दिलं. ते लोकांना जंगलाकडे वळवण्यासाठी होतं. त्याचा बौद्ध चंक्रमणाशी लावला जाणारा थेट संबंध ओढूनताणून आणलेला आहे.

करायची रीत फारशी बदललेली नाही. नजर जूभर अंतरावर, म्हणजे चार हात पुढे. आधी ‘डावा, उजवा’ एवढीच नोंद. ती ठरली की पाऊल उचललं, पुढे नेलं, टेकलं. टोकाला पोचल्यावर थांबायचं, उभं असल्याची जाणीव घ्यायची आणि मगच वळायचं. मन सुटतं ते बहुधा वळताना, आणि ते सुटल्याचं कळतंही तिथंच. म्हणून उद्यानातला गोल ट्रॅक यासाठी गैरसोयीचा : त्याला टोकच नसतं, अर्धा तास विचारांत निघून गेला तरी पत्ता लागत नाही. त्यापेक्षा दोन झाडांमधला पस्तीस-चाळीस पावलांचा सरळ पट्टा धरावा, आणि पावसाळ्यात शेवाळलेली फरशी टाळावी.