केसाएवढ्या फटीसाठी

मामांची बुलेट तेरा वर्षं गोठ्याशेजारच्या पडवीत पोतं पांघरून उभी होती. १९७४चं मॉडेल, ३५० सीसी, बिडाच्या सिलिंडरची. दिवाळीनंतर आम्ही तिचं इंजिन उतरवलं, हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढलं, आणि मी लगेच रॉकेलची थाळी पुढे ओढली. मामांनी ती बाजूला सरकवली. "आधी बघ. एकदा धुतलंस की पुरावा गेला."

पिस्टनचा माथा काजळीने काळा होता, पण एका कडेला अर्ध्या बोटाच्या रुंदीची कोर लख्ख होती. तिथे काजळी धरलीच नव्हती, कारण रिंगांना, म्हणजे पिस्टनभोवतीच्या धातूच्या कड्यांना, चुकवून वर चढणारं तेल ती जागा सतत धूत होतं. रिंगा किंवा सिलिंडर, किंवा दोन्ही, झिजल्याची ती खूण. सगळा माथा कोरडा आणि मखमलीसारखा काळा असता, तर कार्बुरेटर पेट्रोल जास्त सोडतोय असं म्हटलं असतं.

मग मामांनी माझं बोट धरून सिलिंडरच्या आत, खालून वर, नख ओढायला लावलं. काठाच्या थोडं खाली नख अडकलं. डोळ्याला जेमतेम दिसणारी, पण नखाला स्पष्ट कळणारी एक पायरी तिथे झाली होती.

ही पायरी नेमकी वरच का होते, हे मला सगळ्यात जास्त आवडलेलं कोडं. या इंजिनात सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर पिस्टन सरासरी सेकंदाला ९ मीटर, म्हणजे ताशी ३२ किलोमीटर वेगाने पळतो, आणि सेकंदाला शंभर वेळा क्षणभर थांबून उलटा फिरतो. तो पळत असताना रिंग तेलावर तरंगते. पाणी साचलेल्या रस्त्यावर वेगात जाणारं चाक जसं जमिनीला न टेकता पाण्यावर घसरतं, तसं. वेग शून्यावर आला की तेलाचा थर विरतो आणि धातू धातूला टेकतो. खालच्या टोकालाही पिस्टन थांबतोच, पण वर त्याच सुमाराला पेट्रोलचा भडका उडतो. तिथली उष्णता तेल पातळ करते आणि वायूचा दाब रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीवर दाबतो. म्हणून झीज तिथे सर्वाधिक. त्याच्या वर रिंग पोचतच नाही, तेवढी भिंत मूळ मापाची राहते, आणि पायरी दिसते.

मायक्रोमीटर घेऊन बसलं की आणखी एक गोष्ट कळते: सिलिंडर गोल राहिलेला नसतो. पिस्टनला क्रॅंकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तिरका होऊन पिस्टनला पुढच्या आणि मागच्या भिंतीवर रेटतो, त्यामुळे त्या बाजू जास्त झिजतात आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी, किंचित लंबगोल होते.

बीड या धातूबद्दल मात्र मनापासून आदर वाटला. घरातला बिडाचा तवा आठवा. वापरून वापरून तो तेल पितो, काळाभोर होतो आणि घावन अलगद सुटतं. बिडात साधारण ३ ते ४ टक्के कार्बन असतो, आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या रूपात धातूभर विखुरलेला असतो. ग्राफाइट म्हणजे पेन्सिलीचं शिसं, मुळातच निसरडं. घासणाऱ्या पृष्ठभागावर ते स्वतः वंगणाचं काम करतं आणि त्याच्या बारीक खळग्यांमध्ये तेलही टिकतं. इतक्या वर्षांनी हा सिलिंडर पुन्हा बोअर करून, म्हणजे आतून किंचित मोठा कोरून, वापरता येतो, यात या गुणाचा मोठा वाटा आहे.

पुरावा बघून झाल्यावर धुणं आलं, आणि तिथे घाई सगळ्यात महागात पडते. भारतात शिसंमिश्रित पेट्रोल २००० साली बंद झालं. ही गाडी त्याआधी पंचवीस वर्षं त्यावरच चालली, म्हणजे जुन्या काजळीत शिशाची (पेन्सिलीतलं नव्हे, खऱ्या धातूची) विषारी संयुगं असू शकतात. कोरडी काजळी खरवडून ती धूळ नाकात घेऊ नये. तेलाने ओली करून, लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने काढावी, हातमोजे घालावेत.

दुसरी चूक कॉस्टिक सोड्याची. लोखंडी सायलेन्सर त्याने साफ होतो, म्हणून लोक क्रॅंककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, तेही त्यातच बुडवतात. क्रॅंककेस असते ॲल्युमिनियमची. या धातूला हवेत ऑक्साइडचं पातळ कवच येतं आणि तेच त्याला वाचवतं. सोडा नेमकं ते कवच विरघळवतो आणि मग खालचा धातू खात सुटतो. फेस येतो तो मळाचा नसतो, हायड्रोजनचा असतो. आम्ही रॉकेल, ब्रश, नंतर साबणाचं गरम पाणी, एवढ्यावरच भागवलं. मळ मुळात तेलात कालवलेला असतो, आणि तेल तेलातच विरघळतं.

वाळूचा मारा करून क्रॅंककेस चकचकीत करून देणारेही भेटतात. माझं मत स्पष्ट आहे: इंजिनाच्या आतल्या भागांना वाळू लावू नये. या बुलेटच्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला फ्लोटिंग बुश, म्हणजे धातूची सैल नळी, असते; तिच्या आतून आणि बाहेरून, दोन्हीकडे तेलाचा पातळ थर असतो आणि ती त्यात तरंगत फिरते. तेलवाटेत दडून राहिलेला वाळूचा एक कण तिथपर्यंत पोचला, तर त्या थरापेक्षा तो कितीतरी जाड ठरतो. आम्ही प्रत्येक तेलवाटेत तार घातली, हवा मारली, आणि पांढऱ्या थाळीत पडणारं रॉकेल स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा ओतलं. या एका कामात दोन संध्याकाळी गेल्या.

बेअरिंग काढताना हातोडा लागलाच नाही. रिकामी क्रॅंककेस मामींच्या जुन्या ओव्हनमध्ये ठेवली. पाण्याचा थेंब टाकल्यावर तडतडला, तशी ती लाकडी फळीवर उलटी धरून हलकेच आपटली, आणि बेअरिंग टक् आवाज करून बाहेर पडलं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ६२ मिलिमीटरच्या बेअरिंगभोवतीचं भोक ८० अंशांनी तापलं, तर ते बेअरिंगपेक्षा सुमारे ०.०५ मिलिमीटर जास्त मोठं होतं, आणि घट्ट बसवलेल्या बेअरिंगची पकड सुटायला तेवढं पुरतं.

सिलिंडर कोल्हापूरला उद्यमनगरात नेला. बोअर करणाऱ्या मिस्त्रींनी माप घेतलं आणि आधी नवा पिस्टन मागितला. पिस्टन हातात आल्याशिवाय ते सिलिंडरला हत्यार लावत नाहीत. कारण पुन्हा प्रसरणच. ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरपेक्षा जास्त फुगतो आणि जास्त तापतोही. ७० मिलिमीटर व्यासाला हा फरक साधारण एक दशांश मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीएवढा होतो. थंड असताना तेवढी फट ठेवली नाही, तर चढावर इंजिन जाम होतं. जास्त ठेवली, तर पिस्टन खडखडतो आणि तेल जळतं. बोअरनंतर होनिंग करून भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडतात, त्यात तेल धरून राहतं.

रिंगेचाही असाच हिशेब. ती सिलिंडरमध्ये एकटीच सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी, मोजली: ०.३ मिलिमीटर. रिंगेचा घेर २२० मिलिमीटर. ती भिंतीपेक्षा शंभर अंशांनी जास्त तापली, तर पाव मिलिमीटरने वाढते. फट अपुरी असती तर टोकं एकमेकांना भिडून रिंग भिंतीला घासली असती, तुटलीही असती. कागदावर केलेला गुणाकार गेजच्या पात्याशी जुळला तेव्हा मी तो मामांना दाखवला. ते म्हणाले, "आम्ही इंचाला चार थाऊ धरायचो." थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आणि इंच सिलिंडरच्या व्यासाचा. पावणेतीन इंचाला अकरा थाऊ, म्हणजे ०.२८ मिलिमीटर.

पाचव्या किकला इंजिन लागलं. पहिल्या ३०० किलोमीटरनंतर तेल काढलं आणि पांढऱ्या फडक्यातून गाळलं. होनिंगच्या रेघांचे उंचवटे रिंगांनी घासून काढले होते, त्याची करडी चमक फडक्यावर उतरली होती. मामांनी ती चिमटीत घेऊन अंगठ्याने चोळली. कण काही लागला नाही. मग त्यांनी नव्या तेलाचा डबा उघडला.